मला न बोलावणारं कॉलेज

परभणी, जिंतूर, हिंगोली ह्या पट्ट्यात तुम्ही स्नेहसंमेलनं, ऑर्केस्ट्रा किंवा राज्य नाट्य स्पर्धेतली नाटकं बघितली असतील तर माझं काम तुम्ही बघितलंय. मला बघितलेलं नाही. मी लाईटवाला. पार आणि स्पॉट हे स्टेजचे दिवे, त्यांचा उजेड कमी-जास्त करणारा डिमर, स्टँड, वायरींची बंडलं, एक छोटा हत्ती आणि हाताखाली दोन पोरं, एवढा पसारा. उन्हाळ्यात लग्नाच्या लायटिंगवर घर चालतं, डिसेंबर-जानेवारीत गॅदरिंगवर. नाटकाच्या लाईटमध्ये पैसा नाही, पण ती सवय सुटत नाही.

यंदा थोरलीची बारावी झाली, आर्ट्समधून. निकाल हातात आल्याबरोबर म्हणाली, पप्पा, मला नाटकाची डिग्री करायचीय. घरात जे व्हायचं ते झालं. तिची आजी म्हणाली, "बापानं पाडला तेवढा उजेड बस झाला की." तिच्या आईनं दोन दिवस डी.एड., पोलीस भरती, नर्सिंग असं सगळं पुढं मांडून बघितलं. शेवटी पोरगी हटत नाही म्हटल्यावर प्रश्न उरला तो कुठं घालायचं हाच, आणि तो माझ्याकडं आला. नाटकवाल्यांची घरं आतून बघितलेला घरात मीच एकटा. पाहुणे-रावळे अजून विचारतात, नाटकाचं कॉलेज असतं का? असतं. त्यातलं आपल्या पोरीच्या अंगाला बसणारं कोणतं, हे कुणी सांगत नाही, म्हणून हे लिहितोय.

माझी एक कसोटी आहे. ती धंद्यातून आली.

कॉलेजांची, विभागांची नाटकं असली की मला फोन येतो. "दादा, डिमर लागंल, आठ पार, दोन स्पॉट, आणि तुम्ही पण या." ह्या 'तुम्ही पण या'मध्ये सगळं आलं. म्हणजे डिमरवर बसायला त्यांच्याकडं माणूस नाही. दोन-दोन वर्षं नाट्यशास्त्र शिकलेल्या पोरांचा परीक्षेचा प्रयोग, आणि त्यात लाईट मी देतोय! मला नाटक माहीत नाही, स्क्रिप्ट वाचलेलं नाही, विंगेत एक पोरगं माझ्या कानाशी बसून "आता कमी करा, आता निळा" म्हणतंय. मार्क मात्र प्रकाशयोजनेचेही मिळतात, कुणाला ते देव जाणे. माझे पैसे होतात, चहा-नाश्ता होतो, माझी तक्रार नाही. पण बाप म्हणून बघायला लागलो तेव्हा ठरवलं, जो विभाग मला असं बोलावतो तिथं पोरगी घालायची नाही.

एका ठिकाणचा अनुभव ह्याच्या बरोब्बर उलटा. त्यांनी फक्त सामान मागितलं होतं. मी सवयीनं शिडी लावायला लागलो तर दुसऱ्या वर्षाची एक मुलगी आली, म्हणाली, "काका, तुम्ही खाली थांबा, आम्ही चढतो. फक्त सांगा, हा पॉईंट पंधराचा आहे ना? मग ह्याच्यावर तीनच पार लावू." हजार वॅटचा एक पार २३० व्होल्टवर सव्वाचार अँपिअरच्या वर खातो. तीन लावले की तेरा, चौथा लावला की पंधरा अँपिअरचा पॉईंट गेला. एवढा साधा हिशोब माझ्या हाताखालच्या पोरांना मी किती वेळा शिकवलाय, आणि ही मुलगी अभिनय शिकायला आलेली. प्रत्येक दिव्याला सेफ्टीची साखळी तिनं स्वतः अडकवली, ओढून बघितली. रात्री प्रयोगात तीच मुलगी म्हातारीचं काम करत होती आणि झकास करत होती. त्या दिवशी मी लाईटकडं कमी आणि नाटकाकडं जास्त बघितलं.

आता माझ्या लेकीला लाईटवाली व्हायचंय असं काही नाही. तिला नेमकं काय व्हायचंय ते तिलाही धड माहीत नाही, आणि अठराव्या वर्षी ते माहीत असावं असा माझा हट्टही नाही. शाळेत असताना बालनाट्य स्पर्धेत कामं केली. पुढं पुढं मात्र ती विंगेत जास्त दिसायला लागली. प्रॉम्प्टिंग करायची, प्रॉपर्टी म्हणजे नाटकातलं सामान लावायची, सगळ्यांची सगळी वाक्यं पाठ. स्टेजवर काही पोरं अशी असतात की लाईट त्यांच्यामागं धावतो, कुठंही उभी राहिली तरी लोकांची नजर तिथंच. माझी लेक तशी नाही. ती जिथं लाईट पडलाय तिथं नेमकी येऊन उभी राहते, एक पाऊल इकडं नाही की तिकडं नाही. मोठमोठ्या हौशी नटांना हे आयुष्यभर जमत नाही, अंधारात उभं राहून स्वगत म्हणतात. मला त्यात जागेची जाण दिसते. ती नटी होईल, दिग्दर्शक होईल, नेपथ्य करील, सांगता येत नाही. म्हणून जिथं पहिल्याच वर्षी 'तू अभिनयाची, तू लेखनाचा' असे शिक्के मारतात ते तिच्या कामाचं नाही. जिथं पहिलं वर्ष सगळ्यांना सगळं करावं लागतं, झाडूसकट, तिथं तिचं काहीतरी ठरेल.

पर्याय तसे मोजकेच. परभणी नांदेडच्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठात येते, तेव्हा पहिलं नाव तेच. विष्णुपुरीच्या कॅम्पसवर ललित व प्रयोगजीवी कला संकुल आहे. रेल्वेनं सकाळी जाऊन संध्याकाळी घरी. संभाजीनगरला डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठाचा नाट्यशास्त्र विभाग, मराठवाड्यातल्या नाटकवाल्यांचं जुनं माहेर. पुण्यात विद्यापीठाचं ललित कला केंद्र, १९८७ साली सुरू झालेलं, संगीत, नृत्य आणि नाटक एकाच आवारात, गुरुकुल पद्धत आणि विद्यापीठाची परीक्षा ह्यांची सांगड घातलेलं. नाटककार सतीश आळेकर बरीच वर्षं तिथं प्रमुख होते. मुंबई विद्यापीठाची अकॅडमी ऑफ थिएटर आर्ट्स २००३ची, पण तिचा विचार पदवीनंतर. दिल्लीचं राष्ट्रीय नाट्य विद्यालयही तसंच. तिथला तीन वर्षांचा डिप्लोमा पदवी झाल्यावर, शिवाय सहा तरी नाटकांत काम केल्याचा अनुभव मागतात आणि हिंदी-इंग्रजी चालावं लागतं. विद्यावेतन मिळतं, जागा मूठभर. 'दिल्लीला जाणार' म्हणून बारावीनंतर बॅग भरणाऱ्या पोरांना हे कुणीतरी आधी सांगायला पाहिजे. कुठला अभ्यासक्रम बारावीवर आहे आणि कुठला पदवीवर, हे त्या-त्या वर्षीच्या माहितीपत्रकात बघा. चुलत्याच्या मित्रानं सांगितलं म्हणून गाडीत बसू नका.

तिच्या कॉलेजातल्या मराठीच्या सरांचा सल्ला वेगळा होता. म्हणाले, इथंच बी.ए. करू द्या, संध्याकाळी नाटक करू द्या, स्पर्धेत उतरू द्या, नंतर एम.ए.ला किंवा दिल्लीला बघू. सल्ला वाईट नाही. स्वस्तही आहे. दिल्लीला पदवी लागतेच, ती कुठल्याही विषयाची चालते. एखाद्या पोराच्या गावात जोमानं चालणारी नाट्यसंस्था असेल तर मीही हेच सांगीन. पण आपल्याकडच्या हौशी संस्था मी आतून ओळखतो. तालीम रात्री आठनंतर, कारण नट बँकेत, झेडपीत, दुकानात. बाईचं काम नाटकात एक, फार तर दोन. दीड-दोन महिने घाम गाळायचा आणि राज्य नाट्य स्पर्धेत प्रयोग किती? एक. पडदा पडला की सेट मोडला, मी वायरी गुंडाळल्या, पुढच्या वर्षी भेटू. पहिल्या प्रयोगात माणूस फक्त निभावून नेतो. काय चुकलं ते दुसऱ्या प्रयोगात कळतं, आणि तो दुसरा आपल्याकडं होतच नाही.

म्हणून जिथं जिथं गेलो तिथं मी पहिला प्रश्न हाच विचारला, तुम्ही एका नाटकाचे किती प्रयोग करता? काही ठिकाणी सर लोक नुसते बघत राहिले. एका ठिकाणी म्हणाले, परीक्षेला एक, मग जवळच्या तालुक्यांत जमेल तसे, शाळांच्या पटांगणातसुद्धा. पटांगणात लाईट कुठून आणता म्हणून विचारलं तर म्हणाले, दुपारीच करतो. असं उत्तर ऐकलं की माझ्या वहीत टिक.

दुसरा प्रश्न, हॉलची किल्ली कुणाकडं असते? हसू नका. सगळं ह्यात कळतं. किल्ली शिपायाकडं आणि शिपाई साडेपाचला घरी, म्हणजे नाटक साडेपाचला संपलं. किल्ली मुलांकडं, वहीत सही करून, म्हणजे तिथं काम चालतं. मग मी हळूच डिमर बघायचो. साहेब लोक भिंतीवरचे फोटो दाखवत असतात तेव्हा मी डिमरच्या स्लायडरवरून बोट फिरवतो. धूळ लागली की समजायचं, नवीन आणलंय, वापरत नाहीत. मधल्या दोन-तीन स्लायडरचा रंग उडालेला, चिकटपट्टीवर पेननं 'खुर्ची', 'दार', 'आई' असं लिहिलेलं, तर तिथं पोरांचे हात फिरतात. तसंच कपड्यांच्या कपाटाचं. नऊवाऱ्या, फेटे, सदरे घडी घालून नाव लिहून ठेवलेले असले तर कुणीतरी जबाबदारी घेतंय. शिडी आहे का, नसली तर लाईट लावतात कसे, हेही विचारावं. आणि फलकावर मागच्या नाटकांच्या श्रेयनामावल्या असतात त्या वाचाव्यात. तीन नाटकांत मुख्य भूमिकेला तेच नाव आणि तीनही नाटकांत 'सैनिक, गावकरी, इतर'मध्ये तीच दहा नावं, तर त्या दहांनी फी कशाची भरली?

युवक महोत्सवाबद्दल एक शब्द. आपल्या पोरांना नाटक म्हणजे युवक महोत्सव एवढंच माहीत असतं. एकांकिका अर्ध्या तासाची, प्रहसन दहा मिनिटांचं, मूकाभिनय पाच मिनिटांचा. मजा असते, धाडस येतं, ढोल वाजतात. पण दहा मिनिटांत परीक्षकाला हलवायचं म्हणून पोरं ओरडायला शिकतात. महोत्सवातल्या बक्षिसांचे कप मांडून ठेवलेल्या कपाटाकडं बोट दाखवून एखादा विभाग आपली ओळख करून देत असेल तर पुढचा प्रश्न विचारावा, की वर्षात महोत्सवाव्यतिरिक्त काय केलं.

भाषेचा मुद्दा मला आधी सुचलाच नव्हता, तो पोरीच्या तोंडून बाहेर आला. एका ठिकाणी ती सहज बोलून गेली, "मी चार-पाच वर्षांपासून नाटक करायलेय." समोरचे सर लगेच म्हणाले, "आधी भाषा सुधारावी लागेल." त्यानंतर ती मुलाखतभर हो-नाही एवढंच बोलली. पुढं दुसरीकडं गेलो तिथं एका मॅडमनी तिचा उतारा ऐकला, प्रमाण भाषेतला, घोटून पाठ केलेला. मग म्हणाल्या, आता हेच तुझी आजी कशी म्हणेल ते करून दाखव. बाप्पा! आमची माय तिथं येऊन उभी राहिली, हात कमरेवर, "काहून आलाव बाबा हितं" करत. मॅडम हसल्या आणि मग तिला एका 'ण'वर थांबवून तोच उच्चार चार-पाच वेळा करून घेतला. म्हणजे प्रमाण भाषाही त्या सोडणार नव्हत्या. मला हे पटलं. ण-न, च-ज नीट यायलाच पाहिजेत, त्याशिवाय पुण्या-मुंबईच्या स्टेजवर कोण उभं करील? पण घरची बोली दाराबाहेर ठेवून आत या म्हणणारा विभाग पोराचा अर्धा आवाज घेऊन टाकतो. मकरंद अनासपुरे ह्याच मराठवाडी बोलीच्या जोरावर उभे राहिले, हे त्या सरांना माहीत नसेल असं नाही.

ह्याच्याच जोडीनं आणखी एक बघितलं, लोककला कोण शिकवतं. पैठण आपलं, एकनाथांचं भारूड आपलं, आणि गोंधळमहर्षी राजारामभाऊ कदम तर आमच्या परभणीचे. अभ्यासक्रमात 'लोकनाट्य' नावाचा पेपर सगळीकडं असतो. प्रश्न असतो की तो पेपर नोट्समधून शिकवतात की एखाद्या गोंधळ्याला, भारूडवाल्याला आठवडाभर बोलावून शिकवतात. अवांतर सांगतो, गोंधळाच्या दिवटीसारखा लाईट मी अजून लावू शकलेलो नाही. चेहऱ्यावर खालून येतो, हलतो, आणि संबळ वाढला की तोही वाढल्यासारखा वाटतो. आमच्याकडं सोळा चॅनेल असूनही ते जमत नाही.

मोठी नावं. प्रत्येक ठिकाणी ऐकायला मिळतात. वामन केंद्रे बीड जिल्ह्यातले, संभाजीनगरच्याच विद्यापीठात नाटक शिकून दिल्लीला गेले आणि २०१३ ते २०१८ त्याच राष्ट्रीय नाट्य विद्यालयाचे संचालक होते. दिग्दर्शक चंद्रकांत कुलकर्णी, नाटककार प्रशांत दळवी ही मंडळी 'जिगीषा' ही नाट्यसंस्था घेऊन संभाजीनगरातूनच मुंबईला गेली. अभिमान आहेच, मीही चहाच्या टपरीवर हीच नावं सांगतो. पण ॲडमिशन आजच्या विभागात घ्यायची असते. म्हणून मी विचारायचो, मागच्या दोन बॅचची पोरं काय करतात? बहुतेक जण मालिकेत दिसणाऱ्या एकाचं नाव सांगून गप्प. एका विभागात मात्र सरांनी वही काढली. दोघं मुंबईत सहायक म्हणून, एक शाळांमध्ये नाट्यशिबिरं घेते, एकानं स्वतःचा ग्रुप काढला, एक बँकेत लागला पण सुट्टीत येऊन मुलांचा रंगभूषेचा वर्ग घेतो. बँकेत गेलेल्याचंही नाव आठवणारा मास्तर मला भरवशाचा वाटला.

मुलीच्या बापानं आणखी एक विचारायलाच पाहिजे, वसतिगृहाचं गेट किती वाजता लागतं. तालमी रात्री दहा-अकरापर्यंत चालतात, कुणी काही म्हणो. गेट साडेसातला लागत असेल तर मुलगी तालमीतून उठणार, आणि जी तालमीतून उठते तिला मोठं काम कोण देणार? एका ठिकाणी विभागाचं पत्र दाखवलं की तालमीच्या दिवसांत मुलींना उशिरा आत घेतात आणि सोडायला कोणी ना कोणी बरोबर येतं. दुसरीकडं म्हणाले, मुली बाहेर खोली करून राहतात. खोली, मेस, येणं-जाणं असा हिशोब मांडला तर फी ही सगळ्यात लहान रक्कम निघाली. केंद्राच्या संस्कृती मंत्रालयाची तरुण कलाकारांसाठी शिष्यवृत्ती आहे, १८ ते २५ वयाला, दोन वर्षं महिना ५,००० रुपये, नाटकालाही. पण त्याला आधीचं पाच वर्षांचं शिक्षण दाखवावं लागतं, म्हणून बालनाट्यापासूनची सर्टिफिकेटं फाईलला लावून ठेवा. आमची निम्मी उंदरांनी खाल्ली.

नोकरीचं लोक विचारतात. 'नाटकाचा शिक्षक' अशी जागा असलेली शाळा मी आमच्याकडं बघितलेली नाही. तिची आई हे रोज ऐकवते आणि ती बरोबर आहे. माझं म्हणणं एवढंच की शिडीवर चढता येणारी, हिशोब ठेवता येणारी, चाळीस माणसांना वेळेवर विंगेत उभी करणारी पोरगी उपाशी राहत नाही. शेवटी धंदा माझाही आहेच.

मग लेकीनं स्वतः एक प्रश्न काढला, माझ्या सगळ्या प्रश्नांपेक्षा बरा. प्रत्येक ठिकाणी ती विचारायची, "पहिल्या वर्षी मला भूमिका मिळालीच नाही तर मी वर्षभर काय करीन?" कुणी म्हणालं, मेहनत कर, मिळेल. कुणी म्हणालं, असं नकारात्मक बोलू नये. दोन ठिकाणी मात्र उत्तर तयार होतं, अमुक महिन्यात नेपथ्याच्या गटात, अमुक महिन्यात वेशभूषेत, सीनियरच्या नाटकाला रंगमंच व्यवस्था, आणि वर्षाअखेर स्वतः बसवलेला दहा मिनिटांचा प्रवेश. फॉर्म तिथंच भरलेत. नावं लिहीत नाही. प्रवेशाचा निकाल लागायचाय आणि तिच्या आजीचा नजरेवर विश्वास आहे.

आता प्रवेश परीक्षेची तयारी चालू आहे. एक स्वगत, एक गाणं, आणि आयत्या वेळी देतील त्या विषयावर काहीतरी. स्वगत तिनं आधी रडण्याचं निवडलं होतं. मी म्हटलं, तिथं सकाळपासून सगळे रडत असतील, परीक्षकांचे रुमाल ओले झाले असतील, तू काहीतरी कामाचं बोल. तर तिनं एक बाई शेजारणीशी पाण्याच्या टँकरवरून भांडते असा उतारा घेतलाय, बराच जमलाय. फक्त तिचं म्हणणं आहे, पडवीत एक पार लावून द्या, सराव नीट होतो. मी म्हणतो, परीक्षेच्या खोलीत ट्यूबलाईट असते, त्यातली एक मिचमिचत असते, तू त्यातच कर. त्यावर दोन दिवस झाले आमचं पटेना.